मूलभूत संशोधन आणि लोकसंवाद : न्यूट्रिनो-संशोधनाच्या इतिहासावरून काही विचार

मूलभूत संशोधनाची माहिती सर्वसामान्य जनतेस करून देणे हे विद्यापीठांचे आणि संशोधनसंस्थांचे कर्तव्य आहे, याविषयी आता फारसा मतभेद राहिलेला नाही. अशा संशोधनाचा खर्च सार्वजनिक निधीतून होतो. तेव्हा ज्यांच्या पैशावर ते चालते त्यांस त्याचा हिशेब मिळावयास हवा, हे उघड आहे. मतभेद आहे तो हा हिशेब कोणत्या स्वरूपात द्यावयाचा यासंबंधी. नव्या वाणाचे बियाणे किंवा नवे औषध यांची पारख लोक स्वतःच्या अनुभवावरून करू शकतात. बियाण्याचे गुण शेतात दिसतात, औषधाचे गुण रोग्याच्या प्रकृतीत दिसतात. मूलभूत संशोधनाचे असे नाही. त्याचे फळ हातात घेऊन पाहता येत नाही आणि ते कधी हाती येईल हेही कोणास सांगता येत नाही.

या अडचणीतून मार्ग काढण्यासाठी सामान्यतः तीन उपाय योजले जातात. पहिला, शोधातील अद्भुताचे वर्णन करणे. दुसरा, भावी उपयोगांचे आश्वासन देणे. आणि तिसरा, राष्ट्राच्या प्रतिष्ठेस आवाहन करणे. हे तिन्ही उपाय काही काळ परिणामकारक ठरतात. तथापि वादाचा प्रसंग उद्भवला म्हणजे त्यांपैकी एकही टिकत नाही. अशा वेळी उपयोगी पडते ती एकच गोष्ट : एखादे ज्ञान कसे मिळाले, ते कितपत खात्रीचे आहे आणि त्याची मर्यादा कोठे आहे, याची लोकांस आधीपासून असलेली समज. न्यूट्रिनो या मूलकणाच्या संशोधनाचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. कारण लोकसंवादाचे बहुतेक सर्व प्रश्न त्यात निरनिराळ्या वेळी आणि निरनिराळ्या देशांत उपस्थित झालेले दिसतात.

१. तर्काने कल्पिलेला कण

बीटा-किरणोत्सर्जनात अणुकेंद्रातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतो. या क्रियेत आरंभीची ऊर्जा आणि अखेरची ऊर्जा यांचा मेळ बसत नाही, असे विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत आढळून आले होते. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियमच येथे मोडतो की काय, अशी शंका काही थोर शास्त्रज्ञांनीही बोलून दाखविली. डिसेंबर १९३० मध्ये वुल्फगांग पाउली यांनी आपल्या सहकाऱ्यांस लिहिलेल्या पत्रात निराळा पर्याय सुचविला. विद्युत्भार नसलेला आणि अत्यंत हलका असा एक अज्ञात कण इलेक्ट्रॉनबरोबर बाहेर पडत असावा आणि उणी पडणारी ऊर्जा तोच घेऊन जात असावा, असे त्यांचे म्हणणे होते. पाउली यांनी त्यास ‘न्यूट्रॉन’ असे नाव दिले होते. परंतु १९३२ मध्ये त्याच नावाचा दुसरा, पुष्कळच जड असा कण सापडल्यामुळे एन्रिको फेर्मी यांनी ‘न्यूट्रिनो’ हे इटालियन वळणाचे लघुत्वदर्शक नाव रूढ केले.

हा कण प्रत्यक्ष प्रयोगात सापडण्यास २६ वर्षे लागली. अमेरिकेत फ्रेडरिक राइन्स आणि क्लाइड कॉवन यांनी १९५६ मध्ये अणुभट्टीजवळ केलेल्या प्रयोगात त्याचे अस्तित्व सिद्ध केले. पुढे १९६५ मध्ये म्हैसूर राज्यातील, म्हणजे आजच्या कर्नाटकातील, कोलार येथील सोन्याच्या खाणीत जमिनीखाली सुमारे २.३ किलोमीटर खोलीवर, मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, जपानमधील ओसाका सिटी विद्यापीठ आणि इंग्लंडमधील डरॅम विद्यापीठ यांच्या संयुक्त पथकाने विश्वकिरणांपासून वातावरणात उत्पन्न झालेल्या न्यूट्रिनोंची नोंद केली. दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणीतही त्याच वर्षी दुसऱ्या एका पथकास असेच यश आले. वातावरणजन्य न्यूट्रिनो सापडल्याच्या जगातील पहिल्या नोंदी त्या याच होत.

एवढा इतिहास सांगितला तरी सामान्य श्रोत्याच्या मनात एक साधा प्रश्न उरतोच : जो कण दिसत नाही आणि कशासही अडत नाही, तो आहे हे मानावयाचे कशावरून? व्याख्यात्यास हा प्रश्न अज्ञानमूलक वाटण्याचा संभव असतो. वस्तुतः तो विज्ञानाचा गाभ्याचाच प्रश्न आहे. हिशेबातील तुटीवरून कणाची कल्पना का केली, ती कल्पना खोटी ठरण्याची सोय प्रयोगात कशी ठेविली, आणि खाणीत इतक्या खोल उतरण्याचे कारण काय, हे क्रमाने सांगितले म्हणजे त्याचे उत्तर मिळते. इतर विश्वकिरण वरच्या खडकात अडून राहतात आणि जे खालपर्यंत पोहोचते ते न्यूट्रिनोमुळेच होय, असे म्हणता येते. ही युक्ती गणिताचे एकही सूत्र न लिहिता समजावून देता येते. ‘भूतकण’ यासारखे चमकदार विशेषण वापरले असता मात्र ती झाकली जाते आणि श्रोत्याच्या मनात कुतूहलाऐवजी गूढपणा तेवढा शिल्लक राहतो.

२. तीन दशकांची विसंगती

सूर्याच्या गर्भात ज्या अणुकेंद्रीय क्रिया चालतात त्यांतून न्यूट्रिनो मोठ्या संख्येने बाहेर पडतात. ते मोजण्यासाठी रेमंड डेव्हिस यांनी अमेरिकेतील साउथ डकोटा संस्थानातील होमस्टेक या सोन्याच्या खाणीत १९६० नंतरच्या दशकात एक प्रचंड टाकी उभारली. कपड्यांच्या कोरड्या धुलाईसाठी वापरण्यात येणारे क्लोरीनयुक्त द्रव तीत भरलेले होते. न्यूट्रिनोच्या आघाताने क्लोरीनच्या एखाद्या अणूचे आर्गॉनमध्ये रूपांतर होते. असे मोजके अणू त्या टाकीतून वेचून काढावयाचे, असा हा प्रयोग होता. जॉन बाकॉल यांनी सूर्याच्या अंतर्रचनेवरून जी संख्या वर्तविली होती तिच्या सुमारे एक तृतीयांश न्यूट्रिनोच डेव्हिस यांस सापडले.

ही विसंगती सुमारे तीस वर्षे टिकली. प्रयोगात चूक असेल, सूर्याविषयीच्या गणितात चूक असेल, किंवा न्यूट्रिनोविषयीच काही ठाऊक नसेल, असे तीन पर्याय होते. अखेरीस तिसरा पर्याय खरा ठरला. जपानमधील सुपर-कामिओकांदे येथील ५० हजार टन पाण्याच्या यंत्राने १९९८ मध्ये वातावरणजन्य न्यूट्रिनोंविषयी, आणि कॅनडातील सडबरी येथील १ हजार टन जड पाण्याच्या यंत्राने २००१ व २००२ मध्ये सूर्यापासून येणाऱ्या न्यूट्रिनोंविषयी असे दाखवून दिले की, न्यूट्रिनोंचे तीन प्रकार असून ते प्रवासात एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात बदलतात. डेव्हिस यांच्या टाकीस त्यांपैकी एकच प्रकार ओळखता येत होता. या रूपांतरावरून न्यूट्रिनोस अत्यल्प का होईना, वस्तुमान आहे हे निष्पन्न झाले. डेव्हिस यांस २००२ मध्ये, आणि ताकाकी काजिता व आर्थर मॅकडोनाल्ड यांस २०१५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

लोकांपुढे हा वृत्तांत मांडताना बहुधा शेवटचा विजय तेवढा सांगितला जातो आणि मधली तीस वर्षे एका वाक्यात उरकली जातात. शिकण्यासारखे जे आहे ते त्या तीस वर्षांतच आहे. डेव्हिस यांनी आपले आकडे अपेक्षेस जुळवून घेतले नाहीत. बाकॉल यांनीही आपले गणित सोयीसाठी वाकविले नाही. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते आणि तरीही उत्तरे जुळत नव्हती. न जुळणारे उत्तर प्रामाणिकपणे जपून ठेवणे हा शास्त्राचा दोष नसून त्याचा गुण आहे, ही गोष्ट ज्या समाजास उमगलेली असते तो ‘शास्त्रज्ञांत एकमत नाही’ एवढ्या बातमीने गोंधळून जात नाही.

३. घाईने पसरलेली बातमी

सप्टेंबर २०११ मध्ये ‘ऑपेरा’ नावाच्या प्रयोगातील शास्त्रज्ञांनी असे जाहीर केले की, जिनीव्हाजवळील सर्न या संस्थेतून निघालेले न्यूट्रिनो सुमारे ७३० किलोमीटर दूर असलेल्या इटलीतील ग्रान सास्सो प्रयोगशाळेत प्रकाशास लागणाऱ्या वेळापेक्षा सुमारे ६० नॅनोसेकंद आधी पोहोचलेले दिसतात. याचा अर्थ न्यूट्रिनो प्रकाशाहून अधिक वेगाने जातात असा होत होता. शास्त्रज्ञांची भाषा सावध होती. स्वतःस चूक सापडत नाही, इतरांनी ती शोधावी, अशी विनंती त्यांनी केली होती. वृत्तपत्रांतून मात्र आइन्स्टाइन चुकले, असे मथळे झळकले. इटलीच्या शिक्षणखात्याने काढलेल्या अभिनंदनपर पत्रकात तर सर्न आणि ग्रान सास्सो यांच्यामधील बोगद्याच्या बांधकामास इटलीने साहाय्य केल्याचा उल्लेख होता. असा बोगदा अस्तित्वातच नाही. न्यूट्रिनोस तो लागत नाही, खडकातून आरपार जाणे हाच त्याचा स्वभाव आहे. ज्या वैशिष्ट्यामुळे हा प्रयोग शक्य झाला तेच पत्रक लिहिणारास ठाऊक नव्हते, असा याचा अर्थ होतो.

पुढे फेब्रुवारी २०१२ मध्ये असे उघडकीस आले की, वेळ मोजण्याच्या साधनातील प्रकाशतंतूच्या केबलची एक जोडणी नीट बसलेली नव्हती. मार्चमध्ये त्याच प्रयोगशाळेतील दुसऱ्या एका यंत्राने केलेल्या मोजणीत न्यूट्रिनोंचा वेग प्रकाशाच्या वेगाशी जुळता आढळला. ‘ऑपेरा’च्या दोन प्रमुखांनी त्यानंतर आपली पदे सोडली.

या प्रकरणात शास्त्रीय पद्धतीचा पराभव झाला असे म्हणता येत नाही. चूक सहा महिन्यांच्या आत सापडली आणि ती शास्त्रज्ञांनीच शोधून काढली. उणीव राहिली ती सांगण्यात. ‘हा निष्कर्ष अद्याप संशयास्पद आहे’ एवढे म्हणणे पुरेसे नव्हते. संशय कशासाठी हेही ठळकपणे सांगणे अगत्याचे होते. त्याचे एक कारण सहज समजण्यासारखे होते. सुमारे १ लक्ष ६८ हजार प्रकाशवर्षे दूर असलेल्या एका ताऱ्याचा स्फोट १९८७ मध्ये दिसला, तेव्हा त्याचे न्यूट्रिनो त्याच्या प्रकाशापूर्वी काही तासच आधी पृथ्वीवर नोंदले गेले होते. आणि तेवढा फरक ताऱ्याच्या अंतर्भागातून प्रकाश बाहेर पडण्यास लागणाऱ्या विलंबाने उलगडत होता. ‘ऑपेरा’ने सांगितलेला वेग त्या न्यूट्रिनोंचाही असता, तर ते सुमारे चार वर्षे आधी यावयास हवे होते. दोन्हींची ऊर्जा निराळी असल्यामुळे हा पुरावा निर्णायक नव्हता. परंतु शंका घेण्यास तो सबळ आधार होता. मूळ बातमीबरोबर एवढी तुलना वाचकांपर्यंत पोहोचली असती, तर मथळ्यांचा जोर आपोआप ओसरला असता.

याच्याशी गुरुत्वीय लहरींच्या शोधाची तुलना करता येते. अमेरिकेतील ‘लायगो’ यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी टिपलेली लहर ११ फेब्रुवारी २०१६ रोजी, म्हणजे जवळजवळ पाच महिन्यांच्या तपासणीनंतर, जाहीर करण्यात आली. त्याच्याही पूर्वी, २०१० मध्ये, यंत्रांत गुपचूप एक कृत्रिम संकेत घालून शास्त्रज्ञांच्या दक्षतेची परीक्षा घेण्यात आली होती. या मौनाची किंमतही द्यावी लागली. मधल्या काळात अफवा उठल्याच. तथापि घोषणा झाली तेव्हा ‘तपासले कसे?’ या प्रश्नास तयार उत्तर होते.

४. थेनीचा डोंगर

आतापर्यंतच्या उदाहरणांत जनता ही दूर बसलेली श्रोता होती. ती प्रत्यक्ष पक्षकार होते तेव्हा काय घडते, हे भारतातील न्यूट्रिनो-वेधशाळेच्या प्रकल्पावरून दिसून येते. कोलारच्या खाणींतील प्रयोग १९९० नंतर लवकरच बंद झाले. त्यांची परंपरा पुढे चालविण्यासाठी टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुढाकाराने ५० हजार टन चुंबकित लोखंडाचे शोधकयंत्र भूमिगत दालनात उभारण्याची योजना आखण्यात आली. त्याच्या सर्व बाजूंस किमान एक किलोमीटर जाडीचा खडक असावा, अशी अपेक्षा होती. निलगिरीतील सिंगारा येथील जागा मुदुमलाईच्या व्याघ्रक्षेत्राजवळ आणि हत्तींच्या वाटेवर येत असल्यामुळे २००९ मध्ये नाकारण्यात आली. नंतर तामिळनाडूच्या थेनी जिल्ह्यातील पोट्टिपुरम गावाजवळचा डोंगर निवडण्यात आला आणि जानेवारी २०१५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे १५०० कोटी रुपयांच्या खर्चास मान्यता दिली.

लागलीच विरोधास धार चढली. डोंगरात अणुकचरा साठविला जाणार, न्यूट्रिनोंमुळे शेतीस व आरोग्यास अपाय होणार, सुरुंगांमुळे धरणांस धोका पोहोचणार, पाण्याचे झरे आटणार, जंगलाचा नाश होणार, अशा नाना प्रकारच्या शंका एकाच वेळी पुढे आल्या. मार्च २०१५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाची अनुमती मिळेपर्यंत काम सुरू न करण्याचा आदेश दिला. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये पर्यावरणविषयक मंजुरी स्थगित केली. २०१८ मध्ये केंद्राने ती विशेष बाब म्हणून पुन्हा दिली. आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये तामिळनाडू शासनाने पश्चिम घाटाच्या या भागात प्रकल्प नको, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयापुढे मांडली.

या शंकांचे दोन वर्ग पडतात आणि ते निराळे ठेवणे अत्यंत आवश्यक आहे. न्यूट्रिनोपासून अपाय होईल काय, हा पदार्थविज्ञानाचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर निःसंदिग्ध आहे. वेधशाळा ही निसर्गतः येणाऱ्या न्यूट्रिनोंची नोंद घेण्यासाठी आहे. ते निर्माण करण्यासाठी किंवा साठविण्यासाठी नाही, आणि साठविणे शक्यही नाही. याउलट सुरुंगांचे हादरे, खडकाच्या राबिटाची विल्हेवाट, पाण्याचा उपसा आणि वन्य प्राण्यांचा वावर हे प्रश्न भूगर्भशास्त्राचे, जलविज्ञानाचे, वनविद्येचे आणि अखेरीस लोकांच्या संमतीचे आहेत. त्यांविषयी कणभौतिकीच्या तज्ज्ञास इतर सुशिक्षित नागरिकांहून अधिक अधिकार नाही. पहिल्या वर्गातील अज्ञानाकडे बोट दाखवून दुसऱ्या वर्गातील शंकाही अडाणीपणाच्या ठरविल्या गेल्या, तर ऐकणारास तो अन्याय वाटतो आणि मग न्यूट्रिनोविषयीचे खरे विधानही त्यास पटेनासे होते.

आकड्यांचाही येथे विचार करावयास हवा. न्यूट्रिनोंची निरुपद्रविता पटविण्यासाठी असे सांगण्याची प्रथा आहे की, सूर्यापासून निघालेले सुमारे ६५०० कोटी न्यूट्रिनो दर सेकंदास अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेतून आरपार जातात. भौतिकीच्या विद्यार्थ्यास हा आकडा आश्वासक वाटतो. किरणोत्साराची धास्ती घेतलेल्या गावकऱ्यास तोच भयंकर वाटण्याचा संभव आहे. त्याच्या जोडीला दुसरी बाजू सांगितली पाहिजे : हे कण पृथ्वीच्या आरंभापासून येत आहेत, रात्री ते पायांखालच्या पृथ्वीतून वर येतात, आणि ५० हजार टन लोखंडातही वातावरणजन्य न्यूट्रिनोंपैकी दिवसाकाठी मोजकेच अडतील, अशी अपेक्षा आहे. जो कण एवढ्या लोखंडास दाद देत नाही तो पिकास काय करणार, हे अनुमान मग श्रोता स्वतःच काढतो. नामसाधर्म्याचेही तसेच आहे. न्यूट्रॉनचा झोत सजीवांस खरोखरच अपायकारक असतो. तेव्हा न्यूट्रिनो आणि न्यूट्रॉन यांत घोटाळा होणे स्वाभाविक आहे, आणि तो दूर करण्याचे काम पहिल्याच सभेत व्हावयास हवे.

५. उपयोगाचा प्रश्न

‘याचा उपयोग काय?’ हा प्रश्न प्रत्येक सभेत विचारला जातो आणि त्याचे उत्तर देताना प्रामाणिकपणाची खरी कसोटी लागते. उपयोगाची उदाहरणे खोटी नाहीत. १८९७ मध्ये इलेक्ट्रॉन सापडला तेव्हा इलेक्ट्रॉनांवर चालणाऱ्या संगणकाची कल्पना कोणी केली नव्हती. सापेक्षतावादाने सांगितलेल्या दुरुस्त्या केल्यावाचून उपग्रहांच्या साहाय्याने स्थान ठरविणारी यंत्रणा बिनचूक चालत नाही. परंतु ही उदाहरणे निवडक आहेत. ज्या शोधांचा व्यवहारात काहीही उपयोग झाला नाही ते कोणी मोजून दाखवीत नाही. शिवाय उपयोगाचे आश्वासन हे एक प्रकारचे ऋण आहे. ते वेळेवर फिटले नाही म्हणजे पत जाते, आणि ती केवळ त्या प्रकल्पाची नव्हे तर सर्व विज्ञानाची जाते.

अमेरिकेत १९६९ मध्ये इलिनॉय येथील त्वरकाच्या खर्चासंबंधी संसदीय समितीपुढे साक्ष देताना रॉबर्ट विल्सन यांस राष्ट्राच्या संरक्षणास या यंत्राचा काय उपयोग, असे वारंवार विचारण्यात आले. विल्सन यांनी ओढूनताणून उपयोग दाखविला नाही. चित्रकला, शिल्पकला आणि काव्य यांच्या पंक्तीस त्यांनी हे संशोधन बसविले आणि देशाच्या संरक्षणाशी त्याचा संबंध एवढाच की, त्यामुळे देश रक्षण करण्याजोगा होतो, अशा आशयाचे उत्तर दिले. त्वरकास पैसा मिळाला. हे उत्तर प्रत्येक ठिकाणी यशस्वी होईलच असे नाही. परंतु ते खरे होते आणि पुढे कधीही परत घ्यावे लागले नाही.

६. विद्यापीठांचे काम

महाराष्ट्रासही हा विचार दूरचा राहिलेला नाही. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरींची ‘लायगो-इंडिया’ वेधशाळा उभारण्याचे ठरले असून तिच्या सुमारे २६०० कोटी रुपयांच्या खर्चास एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यता दिली. प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा असलेले हे यंत्र अतिसूक्ष्म कंपनांचे निरीक्षण करते. साहजिकच परिसरातील रहदारी आणि यंत्रांचे हादरे यांच्याशी त्याचा संबंध येतो. तेथील शेतकऱ्यास जे प्रश्न पडतील ते मराठीत पडतील आणि त्यांची उत्तरेही मराठीतच मिळावयास हवीत.

ही उत्तरे देण्याची तयारी ऐनवेळी होत नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधाचा विषय गणिताच्या आधाराशिवाय मातृभाषेत दहा मिनिटांत मांडावा, त्यात सिद्ध झालेले काय, संभाव्य काय आणि अज्ञात काय हे स्पष्टपणे वेगळे करावे, आणि ज्या प्रश्नाचे उत्तर आपल्या शास्त्राच्या कक्षेत येत नाही तो योग्य तज्ज्ञाकडे सोपवावा, एवढी सवय विभागाच्या नित्याच्या कामात लावता येण्यासारखी आहे. परिभाषा घडविण्याचे कामही त्याचाच एक भाग होय. कारण संज्ञा सुबोध नसेल तर ऐकणारा तिच्याजागी स्वतःच्या ओळखीचा शब्द घालतो आणि त्याबरोबर त्या शब्दाचे भयही आणतो. तद्वतच अध्यापकांनी अशा कामास संशोधनाबाहेरचा उपचार न समजता त्याची योग्य ती दखल घ्यावयास हवी.

कोलारच्या खाणीत न्यूट्रिनोचा माग काढणाऱ्या पथकास सभोवतालच्या लोकांची संमती निराळी मागावी लागली नाही. खाण आधीच खोदलेली होती. यापुढील वेधशाळांस ती सोय मिळणार नाही. डोंगर, पाणी आणि जमीन ज्यांची आहे त्यांच्याशी पहिला संवाद सुरुंगाच्या आधी कित्येक वर्षे झालेला असला, तरच शास्त्रज्ञाच्या ‘हे निश्चित आहे’ आणि ‘हे आम्हांस ठाऊक नाही’ या दोन्ही विधानांवर लोकांचा सारखाच विश्वास बसेल.